हुबळीची टाटा इस्टेट घ्यावी का? आधी तिला मागून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हुबळीत १९९७ ची डिझेल टाटा इस्टेट पाहिली आहे. एका बंगल्याच्या आवारात तीन वर्षं उभी आहे, सुरू होत नाही, मालक ८५ हजार सांगतात. ती कोल्हापूरला कशी आणायची, इंजिन उघडावं लागेल का आणि एकूण खर्च किती येईल? रोज वापरायची नाही, हौस म्हणून हवी आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

मी बावीस वर्षं हा नाद करतोय. पोटापाण्याला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, आणि मागच्या शेडमध्ये एखादी वॅगन, म्हणजे इस्टेटसारखी छप्पर पार मागपर्यंत नेलेली गाडी, कायम उघडून पडलेली असते. आजवर सात आणल्या. पाच चालत्या केल्या, एक सुटे भाग करून संपवली, आणि एक अजून तशीच उभी आहे. तिची गोष्ट पुढे येईल.

पहिली गोष्ट, इंजिनची काळजी डोक्यातून काढा. इस्टेटमध्ये १,९४८ सीसीचं डिझेल इंजिन आहे. १९९४ मध्ये सुमो आली तीही याच इंजिनावर. त्या सुमो आपल्याकडे वर्षानुवर्षं वडापला, म्हणजे सीटवर भाडं घेऊन, धावल्या. त्यामुळे गडहिंग्लजपासून शिराळ्यापर्यंत कुठल्याही जुन्या मिस्त्रीला हे इंजिन डोळे झाकून उघडता येतं. लायनर, पिस्टन, बेअरिंग, हेड गॅस्केट, सगळं मिळतं. नाही मिळालं तर उद्यमनगरात करून मिळतं. जाम झालेलं इंजिन ही या गाडीतली सगळ्यात स्वस्त अडचण आहे, असं म्हटलं तरी चालेल.

खरी अडचण पुढच्या सीटच्या मागे सुरू होते. कुठल्याही वॅगनचा पुढचा अर्धा भाग भावकीतला असतो. बलेनो अल्टुराचं तोंड बलेनो सेडानचं, इंडिगो मरिनाचं इंडिका-इंडिगोचं, कोर्सा स्विंगचं साध्या कोर्साचं. इस्टेटचंही पुढचं पुष्कळसं टाटामोबाईल आणि सिएरा यांच्या घरातलं आहे. मागचा भाग मात्र एकटा. डिकीचा दरवाजा, त्याची काच, मागच्या बाजूच्या काचा, टेललॅम्प, डिकीभोवतीचं रबर, आतले प्लॅस्टिकचे पॅनेल, हे दुसऱ्या कुठल्या गाडीचं बसत नाही. आणि आपल्याकडे वॅगन कधी खपलीच नाही. लोकांना डिकी वेगळी दिसणारी गाडी हवी होती. माझी पहिली इस्टेट गल्लीत आली तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं होतं, "अँब्युलन्स घेटलास व्हय रं?" जी गाडी खपली नाही ती भंगारातही येत नाही, म्हणून तिचे भाग मिळत नाहीत.

तेव्हा हुबळीला पुन्हा जाल तेव्हा बॉनेट शेवटी उघडा. सुरुवात डिकीपासून करा.

डिकीच्या दरवाजाची खालची कड आतून बघा. धुतल्यावर, पावसात पाणी तिथेच साठतं आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग शाबूत असतो. फ्रिजवरचा एक चुंबक घ्या, पातळ फडक्यात गुंडाळा आणि त्या कडेवरून, मागच्या चाकांच्या कमानींवरून फिरवत जा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. हाताच्या पंजाएवढ्या जागेत लांबी असेल तर चिंता नाही. कमानीची पूर्ण गोलाईच लांबीची निघाली तर भाव निम्मा करा किंवा चहा पिऊन परत या. कोकणात बरीच वर्षं राहिलेली गाडी असेल तर ही तपासणी दुप्पट काळजीने करा. आंबोली, फोंडा उतरून खाली गेलेल्या गाड्यांचा पत्रा देशावरच्या गाड्यांच्या आधी जातो.

मग मागच्या सीटचा पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. हे का, ते सांगतो. २०२१ च्या पुरानंतर सांगलीकडची एक मरिना मला फार स्वस्तात आली होती. गालिचे नवे, सीटची कव्हरं नवी, आत अगरबत्तीचा वास. पट्टा ओढत गेलो, ओढत गेलो, आणि शेवटची वीतभर पट्टी चहाच्या फडक्यासारखी निघाली, नखाने खरवडली तर बारीक पिवळट माती. कव्हरं सगळे बदलतात, पट्टा गुंडाळलेल्या जागी कोण हात घालत नाही. टेललॅम्प काढला तर त्याच्या खोबणीतही गाळाची सरळ रेघ होती, पाणी किती चढलं होतं ते सांगणारी. २०१९ आणि २०२१ च्या पुरातल्या गाड्या आपल्या पट्ट्यात अजून हातोहात फिरतायत. पुरातली गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही, इंजिन धुऊन निघतं. पण वायरिंग दोन वर्षांनी बोलायला लागतं, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा वाकुर्डे ते कोल्हापूर चालत आलेलं बरं.

वायरिंगवरून आठवलं. बॉडीतून डिकीच्या दरवाजात जाणारी रबराची वळीदार नळी असते. तिच्यात मागचा वायपर, काचेचा हीटर, नंबरप्लेटचा दिवा यांच्या वायरी असतात. डिकी उघडझाप करून त्या आतल्या आत तुटतात. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागणं किंवा फ्यूज सारखा उडणं, याचं मूळ बहुतेक वेळा तिथे सापडतं. नळी मागे सरकवून बघा. हे काम शे-दोनशे रुपयांच्या वायरीचं आणि अर्ध्या दिवसाचं आहे. त्यामुळे घाबरायचं नाही, फक्त भाव करताना वापरायचं.

काच हा मोठा विषय. पुढची काच दोन थरांची, चिकटवलेली असते, ती बनवून देणारे आहेत. बाजूच्या आणि मागच्या काचा कडक केलेल्या असतात, त्या एकदा कडक झाल्या की कापता येत नाहीत, कापायला गेलं की साबुदाण्यासारखा चुरा. सपाट काच असेल तर आधी मापात कापून, भोकं पाडून मग भट्टीत घालून देणारे मिळतात. बाक असलेल्या काचेला साचा लागतो, आणि एका काचेसाठी साचा कोणी करत नाही. म्हणून मागची किंवा बाजूची एक जरी काच फुटलेली असली, आणि "मिळून जाईल हो" असं मालक म्हणत असला, तर त्यालाच मिळवून द्यायला सांगा.

आता कागद. तुमच्या बाबतीत निर्णय इथेच होणार आहे, आणि यातलं बरंच परिस्थितीवर आहे.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९७ ची गाडी म्हणजे २०१२, २०१७, २०२२ अशी तीन नूतनीकरणं झालेली असायला हवीत, आणि पुढचं २०२७ ला. आरसीवर २०२२ चं झालंय का ते आधी बघा. तीन वर्षं गाडी उभी आहे म्हणता, म्हणजे २०२२ च्या आसपासच ती थांबली. मला दाट शंका आहे की नूतनीकरणासाठी खर्च करण्यापेक्षा मालकांनी ती झाडाखाली लावली. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते १०,००० केलं. त्याशिवाय उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा.

नूतनीकरणाला गाडी तपासणीला उभी करावी लागते. बंद गाडी उभी कशी करणार? आणि नोंदणी जिवंत नसताना परराज्यात न्यायचा ना-हरकत दाखला मिळवणं म्हणजे एजंटाच्या दारात चपला झिजवणं. म्हणून माझा नियम सोपा आहे. आरसीची मुदत शिल्लक असेल तर मी बंद गाडीही घेतो. मुदत संपलेली असेल तर मालकाला सांगतो, तिकडेच चालू करून नूतनीकरण करून द्या, मी भाव वाढवून देतो. ते जमत नसेल तर गाडी सोडून देतो, ती कितीही देखणी असली तरी.

मुदत असेल तर पुढचा रस्ता असा: कर्नाटकातून फॉर्म २८ वर ना-हरकत, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, कधीकाळी कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५. कर्ज १९९९ मध्ये फिटलेलं असतं, पण आरसीवर बोजा तसाच असतो, आणि ती फायनान्स कंपनी आता अस्तित्वात नसते. हे आधी बघा. इकडे आल्यावर महाराष्ट्राचा कर भरून एमएच ०९ नंबर घ्यायचा. कर गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत जातो, त्यामुळे त्याची धास्ती नको. चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्यावा लागतो. त्या जागी गंज चढून आकडे पुसट झाले असतील तर तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. रॉकेल, मऊ ब्रश आणि दोन दिवसांचा धीर. ग्राइंडरचा ओरखडा दिसला की आरटीओत तुम्ही संशयित.

व्हिंटेज नोंदणीत बसेल का, असं कोणीतरी तुम्हाला सांगेल. २०२१ च्या त्या नियमांत गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते. तुमची २०४७ मध्ये बसेल. दसऱ्याला दसरा चौकात मेबॅक बघून आपल्या सगळ्यांनाच वाटतं की आपलीही गाडी त्याच जातीची, पण सरकारच्या लेखी ती नुसती जुनी गाडी आहे.

आता आणायची कशी. हुबळी ते कोल्हापूर दोनशेच्या वर किलोमीटर, सगळा हायवे. गाडी सुरू झाली तर चालवत आणू का, हा मोह तुम्हाला होणार. आणू नका. तीन वर्षं उभ्या गाडीच्या ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं, व्हील सिलिंडरची रबरं फुगलेली असतात. टायरवर चार आकडी तारीख बघा, २३१४ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी तो निपाणीच्या आत फाटेल. विमा संपलेला असेल तर रस्त्यावर चाकच लावता येत नाही.

तेव्हा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा ट्रक. हुबळीहून रिकामा परतणारा शोधा, अर्ध्या भाड्यात येतो. आणि स्वतः बरोबर जा.

मी एकदा गेलो नाही. पनवेलहून एक बलेनो अल्टुरा यायची होती, माझ्याकडे डाई द्यायची गडबड होती, म्हटलं पाठवून देतील. ट्रकवाल्याने दोर चाकांतून न घेता छपरावरून घेतला, आणि मागचा दोर डिकीच्या दरवाजावर आवळला. खंबाटकीच्या वळणांवर बॉडी पिळत गेली. सकाळी सहाला शेडसमोर ताडपत्री काढली तर मागची काच अख्खी आत, स्टेपनीवर, चुरा होऊन पडलेली. ट्रकवाला म्हणाला, "मालक, दार तर नीट हाय की." दार खरंच नीट होतं. ती काच मला चौदा महिन्यांनी मिळाली, तीही एका ओरखड्यासकट. आणि तोपर्यंत प्लॅस्टिक लावलेल्या गाडीत पावसाचं पाणी जाऊन फरशी कुजली. शेडमध्ये तशीच उभी आहे म्हटलं ती हीच.

म्हणून पट्टे चाकांतून घ्या, रॅचेट असलेले, चारही चाकांना वेगवेगळे. बंपर, एक्सल, छप्पर यांना काही बांधायचं नाही. डिकीचा दरवाजा नुसता लॉकवर ठेवू नका, आतून सुती पट्ट्याने हलका अडकवून ठेवा. काचांवर जुनी चादर. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. वॅगनचं बूड मागच्या चाकाच्या मागे बरंच लांब असतं, म्हणून चढवताना रॅम्पला सायलेन्सर टेकतो. दोन जाड फळ्या बरोबर न्या, रॅम्पच्या तोंडाशी टाकल्या की चढ सौम्य होतो. आरसी, विम्याची प्रत, मालकाचं विक्रीपत्र आणि त्यांचा फोन चालू, एवढं जवळ असलं की राज्याच्या सीमेवर कोगनोळीला कोणी विचारलं तरी पाच मिनिटांत सुटता.

घरी आल्यावर काय आधी करायचं? सगळे इंजिन आधी सुरू करतात, कारण त्यात मजा आहे. मीही करायचो. आता उलट करतो. आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज नवे. जुना सिलिंडर खड्डे पडलेला असेल आणि नवा मिळत नसेल तर लेथवर बोअर करून आत पितळेची किंवा स्टीलची स्लीव्ह बसवता येते, उद्यमनगरात हे रोजचं काम आहे. मागच्या ब्रेकला वजनाप्रमाणे दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्याकडे खास बघा. बरेच मिस्त्री गळतोय म्हणून तो काढून सरळ पाइप जोडून देतात. मग मोकळी वॅगन पावसात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होते.

मग डिझेलची टाकी. उतरवून रिकामी करा, रेडिएटरवाल्याकडून आतून धुऊन घ्या. तीन वर्षांचं डिझेल पंपात गेलं तर पंप आणि नोझल दोन्हींचं काम निघेल, आणि इंजिनपेक्षा ते महाग पडू शकतं. त्यानंतर इंजिन. सेल मारण्याआधी नोझल किंवा हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पान्याने हाताने फिरवा. फिरलं तर पुढचं सोपं. फिरलं नाही तर जोर लावू नका, अजून ऑइल, अजून एक रात्र. माझी दुसरी इस्टेट नवव्या दिवशी फिरली.

शेवटी डिकीचं रबर, आणि हे मी शेवटी लिहितोय म्हणून ते दुय्यम समजू नका. वॅगन पळत असताना तिच्या मागे हवा विरळ होते आणि सायलेन्सरचा धूर परत डिकीकडे ओढला जातो. रबर कडक झालेलं असेल तर तो आत येतो. एकदा गगनबावड्याला जाताना मागे बसलेली माझी दोन पोरं डोकं दुखतंय म्हणत राहिली, मी म्हटलं घाट लागला असेल. घरी येऊन डिकीच्या कडेला वहीचा कागद धरून दार लावलं आणि ओढला, तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत कागद सुळकन निघून आला. कोणीतरी सेडानचं पातळ बीडिंग लावलं होतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून हा प्रकार गंभीर आहे. कागद सगळीकडे घट्ट धरला पाहिजे. मूळ रबर मिळत नसेल तर जुन्याचा एक बोटभर तुकडा आडवा कापून घ्या, त्याचा छेद दाखवून तसंच बीडिंग मीटरवर मागा. आणि काही झालं तरी डिकी अर्धवट उघडी ठेवून गाडी चालवू नका, लांब पाइप न्यायचा असला तरी.

डिकीचे गॅस शॉकर मात्र सोपे आहेत. नळीवर लांबी आणि न्यूटनमधला जोर छापलेला असतो, तेवढं जुळवलं की दुसऱ्या गाडीचेही चालतात. जुने कापू किंवा ठोकू नका, आत दाबाखालचा वायू असतो.

किती लागेल? आकडा सांगितला तर तो तुमच्या बायकोला दाखवाल आणि मग मला शिव्या बसतील, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझ्या शेवटच्या इस्टेटला खरेदीच्या सुमारे अडीचपट पैसे पुढे गेले, त्यात स्वतःची मजुरी धरलेली नाही आणि लेथ घरचा. त्यातला निम्मा पत्रा आणि रंग, पाव ब्रेक-टायर-सस्पेंशन, उरलेल्यात इंजिन, वायरिंग, कागद सगळं. तुमचा पत्रा चांगला निघाला तर हे बरंच खाली येईल. शेड नसेल, गाडी रस्त्यावर ठेवून काम करणार असाल, तर वर जाईल, कारण कोल्हापूरचा एक पावसाळा उघड्या गाडीला पुरेसा आहे. छप्पर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तर आत्ता एवढं करा. मालकांकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा, डिकीच्या दरवाजाच्या खालच्या कडेचा आतून फोटो मागवा, आणि मागच्या पट्ट्याच्या टोकाचा. तिन्ही इथे टाका. तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका, पाच हजारसुद्धा नाही. तीन वर्षं ज्या गाडीला कोणी विचारलं नाही ती या आठवड्यात कुठे जात नाही.